मागची रांग नक्की कुणाच्या मागे?

प्रश्न थोडक्यात असा: सिंहगड रोडला राहणाऱ्या एक ताई, वय ४९, बँकेत नोकरी. दोन वर्षांपूर्वी आजूबाजूच्या सोसायट्यांमधल्या १४ जणींचा हौशी ग्रुप जमला, मंगळागौरीचे खेळ, जोगवा, कोळीगीत असं बसवतात. आतापर्यंत हॉलमधे आणि घरगुती कार्यक्रमांत केलंय. आता जानेवारीत त्यांच्या भागातल्या महोत्सवात मोकळ्या मैदानावर १२ मिनिटं मिळालीयेत, म्हणून बाहेरून एक तरुण कोरिओग्राफर मुलगी बोलावली. तिने ताईंना मागच्या रांगेत टाकलं. हे खेळ त्या लहानपणी वाईला आजीकडे शिकल्यात, पण आता आठ-आठच्या काउंटवर बसवलेल्या स्टेप्स डोक्यात राहत नाहीत. ग्रुपवर एकीने मेसेज टाकला, "ज्यांना जमत नाहीये त्यांनी तबक घेऊन बाजूला उभं राहिलं तरी छान दिसेल." नाव कुणाचं नाही, पण लागायचं तिथे लागलं. गुडघा अधूनमधून दुखतो. शिवलेली नऊवारी आणली तर पाच फूट सहा इंच उंचीमुळे ती घोट्याच्या वर येते. नवरा म्हणतो या वयात रस्त्यावर नाचायचं कशाला, मुलगा म्हणतो आई तिथे माझे मित्र असतात. १५ दिवस राहिलेत. त्या विचारतात, "माझ्यामुळे ग्रुपचं नाव खराब व्हायला नको. गुडघ्याचं कारण सांगून आत्ताच बाजूला होऊ का?"

उत्तर:

ताई,

तुमच्या पत्रात गुडघा दोनदा आलाय. एकदा "अधूनमधून दुखतो" असा, आणि शेवटी "गुडघ्याचं कारण सांगून" असा. हे दोन वेगळे गुडघे आहेत आणि मी आधी त्यांना वेगळं करते, कारण पहिल्याला कदाचित डॉक्टर लागेल, दुसऱ्याला नाही.

पहिला, खरा. जिना उतरताना कळ येते का? सूज दिसते का? चालता चालता अडकतो किंवा एकदम निसटल्यासारखा होतो का? यातलं एक जरी हो असेल तर महोत्सव राहू दे बाजूला, आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, आणि ते नाही म्हणाले तर नाही. पण तसं काही नसेल, दोन तास तालीम झाली की रात्री ठणकतो आणि सकाळी गप्प होतो एवढंच असेल, तर तो सांभाळून वापरायचा गुडघा आहे. बस फुगडी आणि कोंबडा हे दोन सरळ सोडून द्या, पूर्ण वाकलेल्या गुडघ्यांवर उड्या मारायच्या असतात त्यात, ते पंचविशीतल्या पोरींना करू दे. साध्या फुगडीचा त्रास वेगळा असतो. तिथे वाकणं नसतं, पिळणं असतं. पाय जवळजवळ रोवून अंग गरगर फिरतं, फरशीवर तळवा सरकत जातो म्हणून काही वाटत नाही, पण मंडपवाल्याच्या त्या खरखरीत कार्पेटवर तळवा चिकटून बसतो आणि सगळा पीळ वर गुडघ्यात जातो. घरात दहा फुगड्या घातल्या आणि काही झालं नाही म्हणून मैदानावर पण काही होणार नाही, असं धरून चालू नका.

आता दुसरा गुडघा, कारणातला. तो फार महाग पडतो हो. एकदा सांगितलंत की नंतर सहा महिने जिना चढताना कठडा धरायचं लक्षात ठेवावं लागेल, एक जण तेल आणून देईल, एक जण वैद्यांचा नंबर पाठवेल, तिसरी भाजीवाल्याकडे भेटली की "कसाय गुडघा?" विचारेल, आणि तुम्ही बँकेत काम करणाऱ्या सरळ बाई आहात, तुम्हाला हे निभावणार नाही. आणि पुढचा श्रावण आला की तुम्हाला न विचारताच ठरेल, "तिचा गुडघा आहे ना, तिला नको सांगायला." आज सुटका म्हणून जे दार उघडताय ते बाहेरून बंद होतं.

आता रांगेकडे येऊ, कारण मला वाटतं खरं दुखणं तिथे आहे.

तुम्ही पत्रात नऊवारीच्या तक्रारीत सहज लिहून गेलात की तुमची उंची पाच सहा आहे. १४ बायकांत पाच सहावाली बाई पुढे उभी केली तर मागच्या दोघी दिसणार नाहीत, हे त्या मुलीच्या जागी मी असते तर मीही पहिल्या दिवशीच केलं असतं. शाळेच्या फोटोत उंच मुली कायम मागे, हे तुम्ही आयुष्यभर बघितलं असेल की. मी असं म्हणत नाही की कारण फक्त उंचीच आहे, स्टेप्स चुकतायत म्हणूनही असेल, दोन्हीही असेल. पण तुम्ही तिला विचारलंयत का? पत्रात तसं कुठे दिसत नाही. तिने काही सांगितलं नाही, तुम्ही काही विचारलं नाही, आणि मधे तो मेसेज आला, आणि मग दोन वेगळ्या माणसांच्या दोन गोष्टी एकाला एक चिकटल्या. मेसेज लिहिणारी वेगळी, रांग लावणारी वेगळी. हे एवढं आधी सोडवून घ्या.

दुसरं म्हणजे मंगळागौरीच्या खेळांना पुढची रांग असते हे कुणी ठरवलं? हे खेळ घरातले. श्रावणातला मंगळवार, लग्नानंतरची पहिली पाच वर्षं, पूजा झाली की रात्री जागर, पुरुषमंडळींना बाहेरच्या खोलीत बसवून माजघरात बायकाच बायका. बघणारं कुणी नव्हतंच, जी बसली होती ती दमली म्हणून बसली होती, पाच मिनिटांनी तीच उठून झिम्म्यात शिरायची. सगळं रिंगणात किंवा समोरासमोर. भोंडल्यातही तेच, मधे पाटावर हत्ती आणि भोवती फेर, त्यात मागे कोण आणि पुढे कोण? रांगा आल्या त्या स्टेज आलं तेव्हा, कारण स्टेजला एकच तोंड असतं. (मंगळागौर जानेवारीत कशी, असं विचारणारे एक काका तुमच्याही महोत्सवात भेटतील, त्यांना तिळगूळ द्या.)

आणि तुमचा कार्यक्रम तर मैदानावर आहे. मैदानावर लोक तीन बाजूंनी उभे असतात, पोरं तर स्टेजच्या मागून बांबूंमधून बघत असतात, खाण्याच्या स्टॉलपाशी रांगेत उभी राहिलेली माणसं बाजूने बघतात. तुमची मागची रांग त्यांच्यासाठी पहिली आहे. त्या कोरिओग्राफर मुलीलाही हे सांगा, कारण आरशासमोर बसवलेला नाच मैदानावर नेताना बऱ्याच जणी हे विसरतात. एखादा तरी खेळ, निदान झिम्मा नाहीतर पिंगा, पूर्ण रिंगणात करता येईल का विचारा. बाजूला उभ्या असलेल्यांनाही काहीतरी बघायला मिळेल.

रांगेचा विषय निघालाच आहे तर पुण्यातलंच उदाहरण आठवतं. १९७२ साली प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनने भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल' केलं, तीही हौशीच संस्था, दिग्दर्शक जब्बार पटेल तर लहान मुलांचे डॉक्टर. त्यात गाणाऱ्या-नाचणाऱ्या माणसांची एक रांग होती, ती पाठ फिरवून उभी राहिली की भिंत व्हायची आणि तोंड वळवलं की परत माणसं. नाटकाचा पडदाच तो. त्या रांगेत कुणी एक जण उशिरा वळला असता तर नाटकाची भिंत पडली असती. म्हणजे मागे उभं राहणं हे कमी कौशल्याचं काम नाही, तिथे वेळ सांभाळावी लागते, आणि तुम्ही मागे राहणार असाल तर तुमचं कामही नेमकं तेच आहे.

बरं, स्टेप्स.

तुम्ही लिहिलंय "वयामुळे लक्षात राहत नाही." मला हे पटत नाही. ज्या बाईला चाळीस वर्षांपूर्वी आजीने शिकवलेलं "किस बाई किस" आजही म्हणता येतं, तिच्या स्मरणशक्तीला काय झालंय? तुम्हाला हे खेळ गाण्यातून येतात. कुठल्या शब्दावर टाळी, कुठल्या शब्दावर वळायचं, कुठे श्वास घ्यायचा, हे अंगात बसलंय. आणि आता तीच गोष्ट एक मुलगी "फाइव्ह सिक्स सेव्हन एट" करून शिकवते, म्हणजे तुम्ही आधी शब्द ऐकता, मग मनात त्याचा आकडा करता, मग आकड्याचा पाय करता, तोवर बाकीच्या पुढे गेलेल्या असतात. भाषांतर करत नाचताय तुम्ही! तर आज रात्री वही घ्या आणि गाणं लिहून काढा, प्रत्येक ओळीच्या कुठल्या शब्दावर काय आहे ते शब्दाखाली लिहा. "इथे डावीकडे", "इथे जागा बदल", "इथे बस". काउंट विसरा. पाहिजे तर त्या मुलीला एकदा गाणं म्हणून दाखवा, आणि जिथे तिची स्टेप शब्दाच्या मधोमध तुटते ती जागा दाखवा. तशा जागा निघतील, कारण हे खेळ आठाच्या हिशोबाने कुणी बांधलेले नाहीत. ती तेवीस-चोवीस वर्षांची असेल, तिने हे खेळ बहुतेक रेकॉर्डिंगवरून घेतले असतील, तुम्ही वाईच्या ओसरीवर घेतलेत. भांडून नको, "मला हे असं येतं, तुला उपयोग होतो का बघ" इतकंच म्हणायचं.

पंधरा दिवसांत सगळ्या स्टेप्स पक्क्या होणार नाहीत असं समजून चाला, आणि मग काय आधी पक्कं करायचं ते ठरवा. माझ्या अनुभवाने सांगते, लांबून बघणाऱ्याला पाय दिसत नाहीत. त्याला तीन गोष्टी दिसतात, सगळ्या एकाच वेळी वळल्या का, जागा बदलताना कुणी धडकलं का, आणि शेवटी सगळ्या एकदम थांबल्या का. म्हणून आत येणं, जागा बदलणं, वळणं आणि थांबणं एवढं झोपेत विचारलं तरी आलं पाहिजे. मधलं काही विसरलंच तर ठेक्यावर जागच्या जागी पाय टाकत राहायचं आणि तोंड सगळ्यांच्या दिशेला ठेवायचं. शेजारणीच्या पायांकडे बघायचं नाही, बास. चुकलेला पाय कुणाला कळत नाही, खाली घातलेली मान मात्र शेवटच्या खुर्चीवरून कळते.

आणि अजून एक, ती मुलगी तुमच्याकडे तोंड करून शिकवत असेल तर तिचा उजवा तुमचा डावा होतो, त्यातच निम्म्या जणी गडबडतात. तिला पाठमोरं उभं राहून एकदा पूर्ण करायला सांगा आणि तो व्हिडिओ घ्या. घरी त्याच्या मागे उभं राहून करायचं.

आता "माझ्यामुळे ग्रुपचं नाव खराब होईल" याकडे. जरा हिशोब करू, तुम्ही बँकवाल्या आहात. १४ जणी आहात, म्हणजे फुगडीच्या सात जोड्या. तुम्ही गेलात की १३. कुणीतरी एक बिनजोडीची राहणार, किंवा ऐनवेळी कुणाला तरी आणायचं, किंवा तिघींचं काहीतरी बसवायचं, आणि सगळ्या जागा बदलायच्या, त्याही १५ दिवसांत. तुम्हाला वाटतं तुम्ही बाजूला होऊन त्यांचं ओझं कमी करताय, प्रत्यक्षात ते वाढतंय. तुम्ही खरंच थांबायचं ठरवलंत तर तो तुमचा हक्क आहे, पण मग ते त्यांच्यासाठी करताय असं स्वतःला सांगू नका.

शिवाय नाव म्हणजे कुठलं नाव? हौशी ग्रुप आहे. हौस म्हणून जमलात. महोत्सवात लोक कणीस खात खात तुम्हाला बघणार आहेत, अर्धे जण आपल्या आत्या-मावशीला शोधत असणार, ती दिसली की मोबाइल वर. तिथे कुणी गुण द्यायला बसलेलं नाही.

माझंच सांगते. वीस-बावीस वर्षांपूर्वी आमच्या कॉलनीच्या ग्रुपचा असाच एक कार्यक्रम होता, डिसेंबरचा शेवट, हिरवळीवर प्लास्टिकची ताडपत्री आणि तिच्यावर जाजम. सत्कार लांबले, आमची पाळी यायला साडेनऊ झाले, तोवर दव पडून ताडपत्री आणि जाजम यांच्यामधे साबण लावल्यासारखं झालेलं. दुसऱ्या रांगेत मधोमध मी जी बसकण मारली ती उठताच येईना, नऊवारीचा ओचा पायाखाली. मी तशीच पायांचे अंगठे धरून डोलायला लागले. लोकांना वाटलं गाठोड्याचा खेळ सुरू झाला. टाळ्या पडल्या! पुढच्या दोघींना काही कळलंच नाही, त्यांनी मागे वळून बघितलंच नव्हतं. घरी आल्यावर रडले हेही सांगते, कारण नुसता विनोद म्हणून सांगितलं तर खोटं होईल. पण रडले ते पडले म्हणून नाही, आमच्यातली एकही जण "लागलं का" म्हणून विचारायला आली नाही म्हणून.

म्हणूनच तो मेसेज मला सोडून द्यावासा वाटत नाही. तो लिहिणारीच्या मनात कदाचित तुम्ही नसालच, बस फुगडी न जमणारी दुसरी कुणी असेल, ग्रुपवर घाईत टाइप केलेल्या मराठीला सूर नसतो. पण नाव न घेता लिहिलेला मेसेज १४ जणींना लागतो, प्रत्येकीला वाटतं मलाच म्हणाली. ग्रुपवर उत्तर देऊ नका, तिथे अंगठे आणि हात जोडलेले इमोजी यांच्यापलीकडे काही होत नाही. तिला फोन करा, नाहीतर तालमीच्या आधी दहा मिनिटं गाठा आणि सरळ विचारा, "ते तबकाचं माझ्याबद्दल होतं का गं? असेल तर सांग, मला राग नाही, पण माहीत असलेलं बरं." हे बोलताना आवाज थरथरेल. थरथरू दे. ती नाही म्हणाली तर विषय संपला, हो म्हणाली तर निदान काय जमत नाहीये ते तरी नेमकं कळेल.

मग तुमच्यापुढे काय काय आहे? पूर्ण १२ मिनिटं करणं हा एक मार्ग. दुसरा, जो मला तुमच्यासाठी जास्त बरा वाटतो, तो म्हणजे फुगडी, झिम्मा, सूप नाचवणं असलं जे अंगात आहे ते करायचं आणि कोंबडा, बस फुगडीच्या वेळी उघडपणे बाजूला होऊन गाणं म्हणायचं, टाळ्या धरायच्या. तबक घेऊन पुतळ्यासारखं उभं राहणं आणि गाणं उचलून धरणं यात फार फरक आहे. रेकॉर्डेड ट्रॅक असला तरी एखादं गाणं तोंडाने म्हणता येईल का बघा, तुमच्याइतकं त्यातल्या कुणाला येत असेल असं मला वाटत नाही. तिसरा मार्ग थांबण्याचा. तोही वाईट नाही, पण मग खरं कारण सांगून थांबा, "मला या पद्धतीत मजा येत नाहीये, या वेळी मी खाली बसून बघते, श्रावणात परत येईन." हे वाक्य म्हणायला गुडघ्यापेक्षा अवघड आहे खरं. आणि ते सांगायचं तर या दोन-तीन दिवसांतच सांगा, आदल्या दिवशी नाही.

स्वतःला एक गोष्ट विचारून बघा, तालमीला जाताना पाय जड होतात की तालमीहून येताना? जाताना जड आणि येताना हलके असतील तर ती भीती आहे, ती स्टेजवर दुसऱ्या मिनिटाला जाते. जातानाही जड आणि येतानाही जड असतील तर मात्र ऐका त्यांचं.

घरच्यांबद्दल फार लिहीत नाही. नवरोबांचं "रस्त्यावर नाचायचं कशाला" हे वाक्य पुण्यात जुनं आहे. रोहिणीताई भाटेंनी १९४७ साली इथे नृत्यभारती ही कथकची संस्था सुरू केली तेव्हा चांगल्या घरातल्या मुलींनी नाचावं का याच्यावर माजघरांत वाद व्हायचे, आता त्यांच्या शिष्यांच्या शिष्या शिकवतायत. आणि अनंत चतुर्दशीला रात्रभर रस्त्यावर कोण नाचतं हो? त्यांना म्हणावं तुमची विसर्जनाची क्लिप आहे माझ्याकडे. पण थट्टा झाल्यावर एकदा शांतपणे विचारा, नेमकं काय खटकतंय. लोक हसतील याची भीती असेल तर ती तुमचीच भीती आहे, त्यांच्या तोंडून आलेली, आणि मग दोघांनी मिळून ती बोलता येईल. मुलाला आग्रहही करू नका आणि येऊ नको असंही म्हणू नका. वय वीसच्या आसपास असेल तर तो वडापावच्या स्टॉलमागे उभा राहून बघेल आणि घरी येऊन बघितलं नाही म्हणेल.

आता मैदानाबद्दल चार गोष्टी, या तुमच्या सगळ्या ग्रुपला वाचून दाखवा, आणि अशा कार्यक्रमांच्या तयारीत असलेल्या बाकीच्या मैत्रिणींनीही वाचा, कारण हॉलमधे नाचून मैदानावर जाणाऱ्या ग्रुपची फजिती बहुतेक वेळा स्टेप्समुळे होत नाही.

शेवटच्या चार तालमी तरी हॉलबाहेर करा. सोसायटीचं पार्किंग, पेव्हर ब्लॉक, टेरेस, काहीही, पण आरसा नको आणि भिंती नकोत. भिंती गेल्या की मधोमध कुठे आहे तेच कळत नाही आणि सगळा ग्रुप हळूहळू डावीकडे सरकत जातो. जमिनीवर खेळायचं असेल तर खो-खोच्या मैदानावर आखतात तशी फक्की टाकून मधली खूण करून घ्या, स्टेजवर असाल तर रंगीत चिकटपट्टी. अनवाणीच नाचणार असाल तर आदल्या दिवशी जागा चालून बघा, कार्पेटखाली खिळे, वायर, फळ्यांमधल्या फटी. कार्पेट मंडपवाल्याकडून ताणून कडेने ठोकून घ्या. आणि खाली प्लास्टिकची ताडपत्री आहे का ते विचाराच, मी का सांगतेय ते तुम्हाला कळलंच आहे.

आवाजाची गोष्ट कुणी सांगत नाही. स्पीकर लोकांकडे तोंड करून असतात, तुम्ही त्यांच्या मागे. तुम्हाला गाणं नीट ऐकू येत नाही, ऐकू येतो तो समोरच्या बिल्डिंगवर आपटून परत आलेला आवाज. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, बिल्डिंग ५० मीटरवर असली तर जाऊन-येऊन १०० मीटर, म्हणजे पाव सेकंदाच्या वर उशीर. झिम्म्याच्या जलद टाळीत एवढ्यात टाळी चुकते. निम्म्या जणी स्पीकरवर नाचतात आणि निम्म्या बिल्डिंगवर! म्हणून साऊंडवाल्याला आधी फोन करून सांगा की एक स्पीकर आमच्याकडे तोंड करून पाहिजे, मॉनिटर म्हटलं की त्याला कळतं. तो नाहीच मिळाला तर गाण्याच्या मागे न धावता सगळ्यांनी एकीकडे बघून जायचं, तुमच्यातली जी लयीला पक्की आहे तिच्याकडे. मागच्या रांगेतल्यांना तर पुढच्या सगळ्या दिसत असतातच. ट्रॅक दोन पेनड्राइव्हवर घ्या, आणि मोबाइलवरून वाजवायची वेळ आलीच तर तो एअरप्लेन मोडवर, नाहीतर जोगव्याच्या मधे कुणाच्या तरी सासूबाईंचा फोन वाजतो.

वेळेचं असं आहे की काही ठरावीक दिवस सोडले तर रात्री दहाला लाऊडस्पीकर बंद करावा लागतो, आणि शाल-श्रीफळ मात्र कधीच वेळेत संपत नाहीत. तुमची १२ मिनिटं सात होऊ शकतात. काय गाळायचं ते आत्ताच ठरवून ट्रॅकची छोटी आवृत्तीही बरोबर ठेवा, म्हणजे निवेदक "ताई जरा आवरतं घ्या" म्हणाला की स्टेजच्या पायरीवर भांडण होणार नाही. (आणि गाळायचंच असेल तर कोंबडा गाळा असं मी सुचवेन.)

जानेवारीत सूर्य सव्वासहाच्या सुमाराला जातो आणि मग गारठा. दोन तास नऊवारीत ताटकळून थंड पडलेल्या अंगाने एकदम फुगडी घातली की चांगला गुडघाही कुरकुरतो, मग तुमचा तर बोलायलाच नको. वरून शाल पांघरून बसा, तुमच्या आधीचा कार्यक्रम सुरू झाला की मागे जाऊन पाच मिनिटं जागच्या जागी चाला, घोटे-गुडघे हलके फिरवा, आणि मग वर चढा. बाथरूम कुठे आहे ते पोचल्या पोचल्या बघून ठेवायचं, तेही काष्टा घालायच्या आधी.

तुमच्या नऊवारीचं सोपं आहे. शिवलेली आखूड होत असेल तर शिंप्याकडून खाली काठ जोडून घ्या, नाहीतर सरळ नेसायचीच घ्या, वाईच्या आजीने नेसायलाही शिकवली असेलच. ओचा आणि काष्टा दोन्हीकडे पिना, आणि ती नेसून निदान दोन तालमी.

उद्याच्या तालमीला वीस मिनिटं आधी जा, ती मुलगी एकटी सापडेल. आधी रांगेचं विचारा आणि मग गाणं म्हणून दाखवा, उलट क्रमाने नको, नाहीतर तिला वाटेल तुम्ही पुढची जागा मागायला आलात. आणि फुगडीला तुमची जोडीदार कोण आहे ते पत्रात लिहिलं नाहीत, जी असेल तिच्याशी हाताची पकड आत्ताच ठरवून घ्या, घामाने नाहीतर मेंदीच्या तेलाने हात सुटतात. कार्यक्रमाच्या दिवशी पोहे चारला खा, सातला नको.